आज कुणाला उठवू?

त्या सोमवारी स्कॅनच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. हॉस्पिटलची सगळी कॉम्प्युटरं सांभाळणारे राव सार होते. स्कॅनच्या मुख्य सेल्वी मॅडम होत्या. मॅनेजर गोपाल सार होते. छातीचे डॉक्टर होते, त्यांचं नाव लांबलचक, मला कधी नीट म्हणता आलं नाही, सगळे त्यांना नुसतं चेस्ट डॉक्टर म्हणायचे. दाराशी तिरुवळ्ळूरहून आलेली एक बाई होती, पोरीला घेऊन. बाहेर बाकड्यावर आमचे हे बसलते. आणि मी होते. माझ्या हातात मॉप होता. तो किती वेळ तसाच धरून उभी राहिले, मला आठवत नाही.

एवढी माणसं, आणि सगळ्यांची नजर राव सारांच्या तोंडाकडं.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले, ती पण पावसाळा सोडून. हे मी फोनमध्ये बोलते आहे, फोन लिहून घेतो. मला सांगायचं आहे ते राव सारांबद्दल. मध्येच माझं काही आलं तर येऊ दे.

आम्ही सांगलीकडचे. लग्न झाल्या झाल्या मद्रासला आले. आमचे हे सावकारपेठेत सोनं गाळायच्या कामावर होते. गलाई म्हणतात त्याला. तेजाब टाकायचा, त्याचा पिवळा धूर व्हायचा, त्याच खोलीत रात्री आम्ही झोपायचो. पहिलं बाळ त्याच खोलीत झालं आणि त्याच खोलीत गेलं. पुढं ह्यांच्या छातीतनं शिट्टी वाजायला लागली, काम सुटलं, मग मी बाहेर पडले. अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला लागले. फरशी पुसायची, वरच्या मजल्यावरच्या साहेब लोकांना कॉफी न्यायची. नाव सांगत नाही हॉस्पिटलचं. त्यांचं मीठ खाल्लंय.

लागले त्या आठवड्यातलीच गोष्ट. वरच्या वॉर्डातनं एक म्हातारा नुकताच खाली नेलता, पांढऱ्या चादरीत. मी तिथली फरशी पुसून खाली आले, तर जिन्यात एक उंच माणूस उभा. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कपाळाला विभूती. माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, आज कुणाला उठवू?"

मी एक पायरी मागं सरकले.

"कुणाला म्हणजे?" मी म्हणलं.

"कोणीही चालेल. येथून गेलेला कोणीही. नाव सांग."

मी बादली तिथंच टाकून पँट्रीत पळाले. तिथल्या बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. "अगं, ते राव सार. शुक्रवार आहे ना आज. सांग एखादं नाव, नाहीतर सोडणार नाहीत."

आणि मग मला कळलं की तो माणूस मराठीत बोलला होता. चेन्नईत, हॉस्पिटलच्या जिन्यात. मी धसक्यात होते, माझ्या ध्यानातच आलं नाही.

राव सार तंजावरचे. त्यांचे वाडवडील फार पूर्वी राजाबरोबर इकडं आलते. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी! "मजला ठाऊक नाही," म्हणायचे. "कोठे गेली होतीस?" म्हणायचे. मधेच तमिळ, अय्यो नाहीतर सेरी, म्हणजे बरं. पोथीतलं कुणीतरी उठून हॉस्पिटलात नोकरीला लागलंय असं वाटायचं. एकदा मला म्हणाले, "तुझी मराठी फार नवी आहे, अक्का." मी सत्तरीला टेकलेली बाई. मी म्हणलं, "सार, माझ्यातलं नवीन म्हणावं असं तेवढंच राहिलंय."

त्यांचं काम मला त्यांनीच समजावलं, माझ्या भाषेत. म्हणाले, "प्रत्येक डिपार्टमेंटचं एक सामाईक कपाट असतं, कॉम्प्युटरच्या आत. लॅबचं एक, स्कॅनचं एक, फार्मसीचं एक, बिलिंगचं एक. लॅबमधल्या कोणीही कोठूनही त्यात ठेवायचं, कोणीही काढायचं. मी त्या सगळ्या कपाटांची नक्कल करून वर तिसऱ्या मजल्यावर ठेवतों. कपाट मोडलं तर नक्कल कामाला येते."

"मग एकदम सगळ्यांची करून टाकायची," मी म्हणलं.

"तुझ्याकडे चार पंगती आहेत, वाढणारा एक. सगळ्यांना एकाच वेळी बसवशील काय?"

हे मला कळलं. लॅब आधी जेवायची, मग बिलिंग, मग फार्मसी, स्कॅन सगळ्यात शेवटी कारण त्यांचं पोट मोठं. प्रत्येकाचं जेवण झालं की राव सारांच्या पडद्यावर त्या डिपार्टमेंटच्या नावापुढं हिरवी खूण यायची. सकाळी मी कॉफी घेऊन जायचे तेव्हा चार हिरव्या खुणा असायच्या. मला वाचता येत नाही तसलं, पण हिरवं कळतं.

"झालं की सार. हिरवं आलं."

"हिरवं आलं म्हणजे ताट मांडलं," ते म्हणायचे. "ताटात वाढलं का नाही ते झाकण उघडल्याशिवाय कसं कळेल?"

आणि खरंच ते झाकण उघडायचे. मी कॉफी झाकणाच्या स्टीलच्या ग्लासातनं न्यायचे. ग्लास हातात गरम लागायचा, जड लागायचा, वास यायचा, तरी ते आधी झाकण उचलून आत बघायचे. मग परत झाकायचे. मग बसायचे. मग प्यायचे. पँट्रीतल्या बायांनी एकदा मुद्दाम ग्लासात गरम पाणी भरून दिलं. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "पाहिलंस? पुष्कळ लोक हे पिऊन मोकळे झाले असते." रागावले नाहीत. उलट खूश. तो ग्लास दिवसभर टेबलावर ठेवला आणि येईल त्याला दाखवला.

हे वेड कुठनं आलं तेही एकदा सांगितलं. तरुणपणी एका गिरणीच्या ऑफिसात होते. रोज संध्याकाळी कॅसेटीवर नक्कल काढायची, वर तारीख लिहायची, कपाटात लावायची. कपाट भरलं, साहेबांनी पाठ थोपटली. मग एक दिवस नक्कल लागली तर सगळ्या कॅसेटी कोऱ्या. लिहिणारं यंत्र कधीपासून बिघडलेलं, कुणाला पत्ता नाही. "तारखा मात्र सुंदर अक्षरात होत्या," ते म्हणाले. हसले, पण डोळे हसले नाहीत.

म्हणून शुक्रवार. शुक्रवारी ते एखादं नाव घ्यायचे, आणि त्या पेशंटचा कागद मूळ कपाटातनं नाही, नकलेतनं बाहेर काढून दाखवायचे. त्याला ते उठवणं म्हणायचे. मिळाला की एक टाळी वाजवायचे, एकच, आणि मोठ्यांदा "उठला!" बिलिंगच्या रांगेत उभी असलेली माणसं दचकायची. एकदा एका बाईनं विचारलं, हे मंत्रबिंत्र करतात का, माझ्या नवऱ्याला बघतील का.

"सार, हॉस्पिटलात असं ओरडू नका," गोपाल सार म्हणायचे.

"मग काय ओरडूं? मेला?"

आणि उठवलेलं जे असेल ते आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये ठेवून द्यायचे. काढून टाकायचे नाहीत. गोपाल सार ओरडायचे, "राव, तुमचं मशीन भरून गेलंय. टेस्ट झाली ना? मग पुसा." राव सार म्हणायचे, "एकदा उठवलेल्याला पुन्हा झोपवायचं नाही." झालं. पुढं बोलणं नाही.

नाव मला का विचारायचे? मी एकदा विचारलंच. म्हणाले, "डिपार्टमेंटला विचारलं तर ते कालचं नाव देतात, हाताशी असलेलं. तुजला कुठलंही आठवतं." ते खरं होतं. फरशी पुसताना माणसं आपल्याशी बोलतात. डॉक्टरशी बोलत नाहीत तेवढी बोलतात. मग मी सांगायचे, तो पाय मोडलेला ऑटोवाला पळनी, रात्रभर गाणी म्हणायचा. ती फातिमा बी, जाताना मला चंदनाचा साबण देऊन गेली. ती सरोजा टीचर. सार नाव टाइप करायचे, टाळी वाजायची, आणि पडद्यावर कुणाचं तरी हाड, कुणाचं तरी पोट. मी बघायचे आणि म्हणायचे, बरी दिसतेय. सार म्हणायचे, हे गुडघा आहे, अक्का.

एकच नाव मी कधी दिलं नाही, ते आमच्या ह्यांचं. ह्यांचा छातीचा स्कॅन त्याच हॉस्पिटलात झालता, खोकला वाढला तेव्हा. पण नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? आमच्यात घेत नाहीत. रेशनला, बँकेला, कुठंही गेले तरी कार्ड पुढं करते. सारांना माहीत होतं. त्यांच्याकडंही नाही घेत.

एक शुक्रवार असा आला की हे स्वतःच तिथं होते. मी चष्मा घरी विसरलते, तो द्यायला आलते. सार जिन्यात आले, "अक्का, आज कुणाला उठवू? आज स्कॅनची पाळी."

मी आठवत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "मला उठवा की. जिवंत आहे तवर बघून तरी घेतो, नंतर काय मजा!"

सार असले खूश झाले. ह्यांना हाताला धरून स्कॅनच्या खोलीत नेलं. मी मागनं. सेल्वी मॅडम तिथं, आणि नेमके चेस्ट डॉक्टर पण कसल्या तरी कामाला आलते. सारांनी ह्यांना नाव विचारलं, ह्यांनी सांगितलं, सार शोधायला लागले. पण ह्यांच्या वेळचं स्कॅनवाल्यांनी नावानं ठेवलंच नव्हतं. मशीनच्या नंबरानं ठेवलेलं, आणि कुठला नंबर कुणाचा ते सेल्वी मॅडमच्या डोक्यात. मॅडम शोधताहेत, सापडत नाही. डॉक्टर मागनं म्हणाले, "मॅडम, पेशंट समोर जिवंत उभा आहे, तरी सापडेना?" सगळे हसले. राव सार सगळ्यात मोठ्यांदा हसले. ते त्यांचं चुकलंच.

शेवटी सापडला. टाळी वाजली. "उठला!" ह्यांनी स्वतःची छाती बघितली, काळी पांढरी, आणि म्हणाले, "एवढ्या तेजाबात पण पिंजरा शाबूत आहे की."

पण सेल्वी मॅडमचा चेहरा लालबुंद झालता. सोमवारी त्या गोपाल सारांकडं गेल्या. फरशी पुसणारी बाई पेशंटची नावं निवडते आणि हा माणूस चारचौघांत फोटो उघडून टाळ्या वाजवतो, हे कुठल्या नियमात बसतं, असं विचारलं. आता खरं सांगायचं तर तेही बरोबरच होतं. कुणाचा गुडघा मी का बघावा? गोपाल सारांनी निकाल दिला, स्कॅन डिपार्टमेंट आपलं आपण बघेल, राव सारांनी तिथं पाऊल टाकायचं नाही, नक्कल काय ती वरनं चालू दे.

राव सारांना ते फार लागलं. "बोलावल्याशिवाय मी त्या खोलीत जाणार नाही," म्हणाले. मी म्हणलं, "सार, तुम्ही हसला नसता तर बरं झालं असतं." म्हणाले, "तूसुद्धा?" आणि कॉफी प्यायले. झाकण उघडून, बघून, झाकून, मग.

त्यानंतर शुक्रवारी लॅब उठायची, बिलिंग उठायचं, फार्मसी उठायची. स्कॅनला कुणी उठवलं नाही. पडद्यावर मात्र चारही हिरव्या खुणा रोज. मी रोज बघायचे.

मग ह्यांचा खोकला परत वाढला. रक्त पडलं थोडं. मी कुणाला दाखवलं नाही, पदरात पुसलं आणि ह्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. नवीन स्कॅन काढला, त्याची फिल्म मिळाली. चेस्ट डॉक्टरांनी बघितला, मला आत बोलावलं.

"उजव्या बाजूला एक डाग आहे," म्हणाले. "नवीन असेल तर फुप्फुसाचा तुकडा कापावा लागेल. जुनाच असेल, तेवढाच असेल, तर तो जुन्या जखमेचा व्रण, त्याला हात लावायचा नाही. रक्त नुसत्या खोकल्यानं आलं असं समजू."

"कापलं तर?" मी विचारलं.

डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "ह्यांची फुप्फुसं आधीच अर्धी जळलेली आहेत, अम्मा. टेबलावरनं उठतील का, मी सांगू शकत नाही. म्हणून जुना स्कॅन बघायचाय. इथलाच आहे ना? सोमवारी दोन्ही शेजारी लावून बघू."

आमच्याकडं जुन्याची फिल्म नव्हती. घरी पाणी शिरलं तेव्हाच कधी चिकटून खराब झालती. पण मी घाबरले नाही. मनात म्हणलं, इथलाच आहे. कपाटात आहे, आणि नक्कल आहे राव सारांकडं.

सोमवारी सकाळी कामावर आले तर पँट्रीत बोलणं चाललेलं, स्कॅनचं कपाट मेलं. शनिवारीच मेलं. कंपनीची माणसं आली आणि हात हलवत परत गेली. मला धडधड झाली नाही तेव्हाही. हेच तर राव सारांचं काम. सेल्वी मॅडम स्वतः जिना चढून त्यांना बोलवायला गेल्या. "वांगो सार, या, तुमच्याशिवाय होणार नाही," म्हणाल्या. मी तिथंच होते. राव सारांनी केसावरनं हात फिरवला, बटण तपासलं, आणि नवरदेवासारखे खाली आले.

आता ती खोली. सार खुर्चीवर बसले. डॉक्टर उभे, गोपाल सार उभे. तिरुवळ्ळूरची बाई दाराशी, तिच्या पोरीचं पण असंच काही होतं, मेंदूतली गाठ वाढली का तेवढीच आहे ते जुन्या स्कॅनशी ताडून बघायचं होतं. कोकिला नाव पोरीचं. दोन वेण्या, लाल रिबिनी.

सारांनी नक्कल उघडली. कालची. पडदा पांढरा. त्यांनी परवाची उघडली. पांढरा. त्याच्या आधीची. प्रत्येकापुढं हिरवी खूण, आणि आत पांढरं. ते मागं मागं जात राहिले, भराभरा, मग हळू, मग थांबले. आणि मराठीत म्हणाले, कुणाला नाही, पडद्याला, "रिकामें. सगळें रिकामें."

त्या खोलीत ते मला एकटीला कळलं. बाकीचे अजून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, सार आता टाळी वाजवतील म्हणून. मला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि ते मी कुणाला सांगू शकले नाही. बाहेर हे खोकत होते.

मग हळूहळू उलगडलं. बंदी झाल्यावर स्कॅनवाल्यांनी नवीन मोठं कपाट घेतलं. कंपनीच्या माणसांनी सगळं त्यात हलवलं, त्याला नवीन नाव दिलं. जुन्या नावाचं दार तसंच राहिलं, आत काही नाही. राव सारांचं मशीन रोज ठरल्या वेळी त्या जुन्या दारावर जायचं, दार उघडायचं, रिकामी खोली दिसायची, त्या रिकाम्या खोलीची इमानदारीनं नक्कल करायचं आणि हिरवी खूण लावायचं. जुन्या नकला ठराविक दिवसांनी पुसल्या जातात, जागा करायला. तशा त्या पुसल्या गेल्या.

"आणि जुनं कपाट?" गोपाल सारांनी विचारलं.

सेल्वी मॅडम म्हणाल्या, "एक्सचेंजमध्ये दिलं."

जुना मिक्सर देऊन नवा आणतात, तसं. हजारो माणसांच्या छात्या, डोकी, पोटं एक्सचेंजमध्ये गेली.

"तुम्ही राव सारांना सांगितलं नाही?"

"त्यांना आत यायची बंदी तुम्हीच केली ना, सार?"

"बंदी पाय ठेवायची होती! फोन करायची नव्हती!"

दोघं एकमेकांवर ओरडायला लागले. राव सार कुणाकडं बोट दाखवत नव्हते. ते म्हणाले, "मी रोज हिरवं पाहत होतो." तमिळमध्ये म्हणाले आता, सगळ्यांना कळेल असं. "आत किती आहे ते पाहायला एक बोट लावायचं होतं. रागानं लावलं नाही. झाकण उघडलं नाही मी."

मी हादरले ते तेव्हा. कपाट मरणं मी समजू शकते, यंत्रं मरतात. पण राव सारांनी झाकण उघडलं नाही? रोज माझ्या हातच्या कॉफीचं झाकण उघडणाऱ्या माणसानं?

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ह्या अम्माच्या मिस्टरांचा जुना स्कॅन मला आज पाहिजे. पेशंटचं नाव काय?"

मी कार्ड पुढं केलं. घाईत उलटं धरलेलं, त्यांना वाचता येईना.

आणि बाहेरनं, बाकड्यावरनं, ह्यांचा आवाज आला. शिट्टी वाजणारा. "राव सार, मला तुम्ही एकदा उठवलं होतं की."

सार उठले ते खुर्ची पडली. असं पळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, धोतर नेसल्यासारखे पाय टाकत जिना चढले. आम्ही सगळे मागं. त्यांच्या टेबलावरचं मशीन, ते भरून गेलेलं, पुसा पुसा म्हणून गोपाल सार ज्याच्या मागं लागलते ते. त्यात सगळे उठवलेले. पळनी होता. फातिमा बी होती. सरोजा टीचर. आणि आमचे हे होते.

टाळी वाजली नाही.

डॉक्टरांनी नवी फिल्म पडद्याजवळ धरली, दोन छात्या शेजारी लावल्या. बोटानं दाखवलं. जुन्या छातीत पण तो डाग, तिथंच, तेवढाच. "व्रण आहे," म्हणाले. "कापायचं नाही. घरी घेऊन जा."

मी भिंतीला टेकले. आयुष्यात मला काही मिळालं असं झालेलं फार थोड्या वेळा आठवतं, तेव्हा मला ओळखायलाच वेळ लागला. आणि मी हसणार, तेवढ्यात तिरुवळ्ळूरची बाई पुढं झाली. तिनं सगळं बघितलं होतं. हात जोडून म्हणाली, "सार, आमचं पण उठवा."

राव सारांनी तिचं नाव विचारलं, पोरीचं विचारलं. टाइप केलं. परत टाइप केलं. नसणारच, त्यांना माहीत होतं, तरी केलं. बाई पडद्याकडं बघत होती, कोकिला बघत होती. सार म्हणाले, "नाही, अम्मा."

"त्यांचं आहे," बाई म्हणाली. माझ्याकडं बोट.

"आहे."

"आमचं का नाही?"

काय सांगणार? की शुक्रवारी एक म्हातारी जिन्यात उभी राहायची आणि तिच्या तोंडाला येईल ते नाव सांगायची, म्हणून? की साबण दिला ती राहिली, गाणी म्हणाला तो राहिला, आणि बाकीचे सगळे गेले? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्कॅनमधनं माझ्या तोंडातनं निघालेली मूठभर माणसं राहिली. हे खरं आहे हे मला आजही पटत नाही. हात जोडलेली ती बाई तशीच उभी होती आणि माझ्या नवऱ्याची छाती पडद्यावर उजळलेली. मी जाऊन तो पडदा पदरानं झाकला. का ते विचारू नका.

दुपारी मी राव सारांना कॉफी नेली. त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. परत झाकलं आणि ग्लास माझ्या हातात दिला. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मी म्हणलं, "सार, तुमच्यामुळं हे वाचले." म्हणाले, "माझ्या वेडामुळं वाचले, अक्का. माझ्या कामामुळं कोणी वाचलं नाही." आणि गेले. कुणी काढलं नव्हतं त्यांना. गोपाल सार दुसऱ्या दिवसापासून फोन करत होते, उचलला नाही.

मी आणि हे एकदा नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी गेलो, पत्ता पँट्रीतनं घेऊन. घर दुसऱ्यांना भाड्यानं दिलेलं. शेजारीण म्हणाली, तंजावरकडं गेले असतील, नाहीतर बहिणीकडं, कुणाला सांगून जाणारा माणूस नाही तो.

कोकिलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. सगळे तपास पहिल्यापासून करा म्हणून त्यांना सांगितलं, ते दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. फरशी पुसताना मी अजून पेशंटना नावं विचारते. विचारते आणि ध्यानात ठेवते. शुक्रवारी जिन्यात कुणी उभं नसतं.

आमचे हे आहेत. शिट्टी वाजते, चिडचिड करतात, कॉफीत साखर कमी आहे म्हणतात. रक्त परत पडलं नाही. राव सार सोमवारी दुपारी निघून गेले. त्यांनी ह्यांना घरी जाताना बघितलं, पण पुढं ह्यांचं काय झालं ते त्यांना कुणी कळवलं नाही. तो माणूस रिकामं घेऊन गेलाय. काहीतरी भरलेलं पण आहे, हे त्याला कळायला पाहिजे.

म्हणून जो कुणी हे वाचेल त्याला माझं एकच मागणं आहे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, उंच, जुनी मराठी बोलणारा, प्यायच्या आधी कॉफीचं झाकण उघडून बघणारा माणूस तुम्हाला कुठं भेटला, तर त्यांना माझा निरोप द्या. नुसतं "अक्काचे हे" म्हणून सांगू नका, त्यांना तेवढ्यानं भागत नाही, त्यांना नाव लागतं. तर नाव सांगते.

त्यांना सांगा, हणमंत जिवंत आहे.